वीस सेंटीमीटर

नकाशेकाकांनी ब्लेडच्या कोपऱ्याने ट्रेसिंग पेपरवरची भिंत खरवडून काढली आणि फुंकर मारून शाईची पूड उडवली. सकाळपासून ही भिंत चौथ्यांदा खरवडली जात होती. त्या जागी कागद इतका पातळ झाला होता, की खालच्या टेबलाचे लाकूड दिसू लागले होते. अजून एकदा ब्लेड फिरले असते तर घर उभे राहण्याआधीच त्याला भोक पडले असते.

"स्वयंपाकघरातून दहा घ्या ना, बाबा," समोर लॅपटॉप उघडून बसलेली मुलगी म्हणाली.

"काल घेतले."

"मग जिन्यातून?"

"जिन्यातून घेतले तर तू चढशील, कपाट चढायचं नाही."

"कपाट खालीच ठेवू."

"आणि माझ्या खोलीत काय ठेवशील? जिना?"

ती हसली नाही. तेही हसले नाहीत. घर मुलीचे होते. म्हणजे घर अजून कुठेच नव्हते. एक रिकामा प्लॉट होता, त्याच्या दोन बाजूंना शेजाऱ्यांची कुंपणे होती आणि ही फाइल होती. फाइल मंजुरीच्या कार्यालयातून शेरा मारून परत आली होती. तळमजल्यावरची मागची खोली दोन मीटर वीस सेंटीमीटर रुंद आहे. राहण्याच्या खोलीला दोन चाळीस लागतात. खोली रुंद करा, नाहीतर तिला सामानाची खोली म्हणा. आणि सामानाच्या खोलीला न्हाणीघर जोडता येत नाही.

उत्तर द्यायला उद्या दुपारी चारपर्यंतची मुदत होती. परवापासून नवे नियम लागू होणार होते. त्यांत घराच्या दोन्ही बाजूंना दीडऐवजी दोन मीटर जागा मोकळी सोडावी लागणार होती. तसे झाले, तर ही खोली जाणार होतीच, वर शेजारच्या खोलीचाही लचका तुटणार होता.

"तू लिही सामानाची खोली," नकाशेकाका म्हणाले. "नाहीतरी मी सामानच आहे. कोपऱ्यात ठेवलं की झालं."

"सामान एवढं बोलत नाही."

बायको जाऊन पाच महिने झाले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत होते. गुडघे जिन्यात बोलायला लागले होते, आणि घरात दुसरे बोलणारे कुणी उरले नव्हते. मुलीने एकदाच सांगितले होते, नव्या घरात तुमची खोली खाली असेल. ते "बघू" म्हणाले होते. मग स्वतःच्याच हाताने त्यांनी ती खोली काढली. खिडकी काढली, दार काढले. खाट एकच काढायची होती, पण त्या एका खाटेलाच दोन दिवस लागले.

पस्तीस वर्षे त्यांनी लोकांच्या घरांचे नकाशे काढले होते. वीस सेंटीमीटर म्हणजे किती, हे त्यांना डोळे मिटून हाताने दाखवता आले असते. एक वीत. एवढ्या मोठ्या घरात एक वीत कुठे सापडत नव्हती.

त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. तो जुना मित्र होता. यांनी खोल्या आखायच्या आणि त्याने खांब, तुळया, सळ्यांचे हिशोब करून द्यायचे, असे दोघांचे वर्षानुवर्षे चालले होते.

"त्या बाजूचे खांब जरा बारीक होतील का रे?"

"जरा म्हणजे?"

"तेवीसचे पंधरा."

"घर बांधतोयस की काड्यापेटी?" इंजिनिअर म्हणाला. "वर मजला आहे. पोरगी झोपणार आहे त्यात. विचारलंस तेवढं पुरे, आता परत विचारू नकोस."

फोन ठेवल्यावर मुलीने लॅपटॉप मिटला.

"प्लॉट परत मोजू या."

काकांच्या हातातले ब्लेड थांबले.

"मोजलेला आहे."

"जुन्या कागदावर रुंदी बारा पंचवीस आहे, बाबा. तुमचं बारा आलंय."

"जुन्या कागदांत असंच असतं. कागद आणि जमीन, दोन्हींत जे कमी भरेल तेच धरतात. माप तुझ्या आईच्या समोर झालंय. तिच्या वहीत आहे. तिचा आकडा चुकत नाही."

"चुकला असं कोण म्हणतंय?"

त्यांनी ब्लेड खाली ठेवले. ते शेवटचे माप होते. तेव्हा बायकोला उभे राहवत नव्हते. ती एका पालथ्या बादलीवर बसली होती आणि तरी टेपचे टोक तिने दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नव्हते. आज मोजून कमी भरले, तर खोली पुरतीच गेली. जास्त भरले, तर तिचा शेवटचा आकडा चुकीचा ठरला. दोन्हींतले काय बरे, हे त्यांना ठरवता येईना.

"चला," मुलगी म्हणाली. तिने दारामागची पिशवी काढली. पाच महिन्यांत त्या पिशवीला कुणी हात लावला नव्हता.

प्लॉटवर ऊन चांगलेच तापले होते. मुलीने पिशवीतून टेपचा गोल डबा काढला. तीस मीटरचा कापडी टेप, कडा काळ्या पडलेल्या. त्याची एक भानगड होती. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा फाटकात अडकून त्याचे पहिले वीस सेंटीमीटर तुटून गेले होते. बायको म्हणायची, अहो, नवा घ्या. ते म्हणायचे, वीस वजा केले की झाले, त्यासाठी नवा कशाला? मग तसेच चालू राहिले. ती तुटके टोक कुंपणाशी धरायची. ते डबा घेऊन पलीकडे जायचे, आकडा वाचून ओरडायचे, ती वहीत लिहायची. मापे झाली की डबा तिच्या हातात देऊन ते प्लॉटच्या मधोमध उभे राहून घराचा विचार करत राहायचे. टेप गुंडाळायचे काम तिचे. घरी येऊन टेबलावर प्रत्येक आकड्यातून वीस वजा करायचे काम त्यांचे. इतक्या वर्षांत ही वजाबाकी त्यांच्या हाताला अशी बसली होती, की चष्म्याची काच पुसावी तशी ती आपोआप व्हायची.

डबा घेऊन ते पलीकडच्या कुंपणाशी गेले. मुलीने आपल्या बाजूचे टोक कुंपणाच्या दगडाला टेकवले.

"वीसचा आकडा दगडाला लाव!" त्यांनी ओरडून सांगितले.

"कुठला वीस?"

"अगं, टोक तुटलंय ना! तुटलंय तिथेच वीस आहे. तो लाव!"

मुलगी खाली वाकून बघत राहिली. मग तिने मान वर केली.

"बाबा, टोक तुटलेलं नाहीये."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. तुम्ही इकडे या."

डबा तिथेच मातीत ठेवून ते चालत आले. बारा मीटर चालायला त्यांना बराच वेळ लागला. मुलीने टेपचे टोक तळहातावर ठेवले होते.

जिथे टेप तुटला होता तिथे दुसरी पट्टी जोडलेली होती. जाड कापडाची, टेपच्याच रुंदीची. जोडावर निळ्या दोऱ्याचे बारीक, दुहेरी टाके होते. पट्टीच्या टोकाला जुन्या किल्ल्यांची कडी शिवली होती, बोट अडकवता यावे म्हणून. आणि पट्टीवर शाईने, एक ते एकोणीस, आकडे लिहिले होते. चारचा आकडा वरून उघडा होता. बायको चार असाच काढायची.

काकांनी खिशातली छोटी पोलादी पट्टी काढली. ती जोडलेल्या कापडाशेजारी धरली. मुलीने एक टोक धरले. कडीच्या बाहेरच्या कडेपासून जोडापर्यंत वीस. केसभरही इकडे तिकडे नाही.

"हे कधी केलं आईने?" मुलीने विचारले.

"मला काय माहीत?"

"तुम्हाला सांगितलं नाही?"

त्यांनी पिशवीतून वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे मऊ पडलेले. शेवटच्या पानावर या प्लॉटचे माप होते. रुंदी, बारा वीस. पानाखाली तिची सही, आणि त्याखाली त्यांनी तपासल्याची खूण. प्रत्येक पानाखाली ते तशी खूण करत. ते मागे मागे पाने उलटत गेले. एका पानावर मापे नव्हतीच. वर तारीख होती, दीड वर्षापूर्वीची. खाली ठसठशीत अक्षरात एकच ओळ होती.

'टेप दुरुस्त केला. यापुढे वीस वजा करू नयेत.'

त्या ओळीखालीही त्यांची खूण होती.

मुलीने ती पाहिली. काकांनी आठवून पाहिले. कुठल्या संध्याकाळी तिने वही पुढे केली असेल, आपण काय काढत असू, तोंडाने काही म्हणालो असू की नुसतेच हुंकारलो असू. काहीच आठवेना. खूण मात्र नेहमीसारखी होती, घाईत मारलेली, शेपूट लांब.

"परत मोजू," ते म्हणाले.

त्यांनी तीनदा मोजले. तिन्ही वेळा बारा वीसच भरले. लांबीतही वीस सापडले, पण त्यांची गरज नव्हती.

परतताना मुलगी म्हणाली, "दीड वर्ष म्हणजे... बाबा, मधे किती घरं झाली?"

"सात."

"सगळ्यांतून वीस वजा?"

"सगळ्यांतून."

"मग त्यांचं काही...?"

"कमी धरलं तर कुणाचं अडत नाही. प्रत्येकाला वीतभर जागा जास्त सुटली. कुणी तक्रार कशाला करेल?" थोडे चालून ते पुन्हा म्हणाले, "पण जागा त्यांची होती."

संध्याकाळी इंजिनिअर स्वतः आला. बाहेरच्या खांबांची ओळ वीस सेंटीमीटर सरकणार म्हणजे तुळयांचे हिशोब त्याला पुन्हा करावे लागणार होते. "आयुष्यभर मला मिलिमीटरवरून बोल लावलेस," तो म्हणाला, "आणि स्वतः एवढी मोठी वीत गिळून बसलास?" मग त्याला वहीचे पान दाखवले. त्याने चहा निवू दिला आणि मान खाली घालून नऊ वाजेपर्यंत हिशोब केले.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला दोघे कार्यालयाच्या खिडकीशी पोचले. छपाईच्या दुकानात यंत्र अडले होते आणि त्यात तासभर गेला होता. नकाशांच्या गुंडाळ्या मुलीच्या काखेत होत्या. कारकून बाईंनी घड्याळाकडे पाहिले, मग फाइलकडे.

"काका, एकदम वेळेवर," त्या म्हणाल्या. पाने चाळली, खोलीच्या मापावर बोट ठेवले. "दोन चाळीस. बरोबर. हे कसं काय वाढलं?"

मुलीने फॉर्म पुढे केला. बदलाचे कारण, या रकान्यात तिने छापून आणले होते, 'मोजणीतील चूक दुरुस्त.'

काकांनी तो फॉर्म तेव्हा पहिल्यांदा वाचला. रकान्याखाली मोजणी करणाऱ्याचे नाव होते. बायकोचे. नावापुढे मुलीने कंसात 'मयत' लिहिले होते.

"पेन द्या," ते म्हणाले.

"बाबा, पाच मिनिटं राहिलीत."

त्यांनी छापलेली ओळ खोडली. वर लिहिले, 'नकाशा काढणाऱ्याची चूक. मोजणी बरोबर होती.' आणि बाजूला सही केली.

कारकून बाईंनी ते वाचले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, असं लिहिलंत तर तुमच्या परवान्यावर नोंद होते. सहा महिने तुमची नवी फाइल घेणार नाहीत. मोजणीतली चूक राहू द्या की. मोजणाऱ्या बाई आता नाहीत. त्यांना काय फरक पडणार आहे?"

मुलीने वडिलांकडे पाहिले.

"शिक्का मारा," काका म्हणाले.

शिक्का पडला. फाइलवर आवक क्रमांक लिहिला गेला आणि पलीकडच्या गठ्ठ्यावर ती ठेवली गेली. चार वाजले तेव्हा खिडकीचे दार आतून लागले.

पायऱ्यांवर मुलगी थांबली. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. आत टेपचा डबा खडखडला.

"सहा महिने काय करणार तुम्ही?"

"सात घरं आहेत," ते म्हणाले. "एकेक बघून येतो."

त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि कठड्याला धरून हळूहळू पायऱ्या उतरू लागले.