चढावरची हातगाडी

मी एक जुनी हातगाडी आहे. डोंगरमाथ्यावरच्या एका तटबंदीच्या शहरात माझा जन्म झाला. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन जाडे गृहस्थ समोरासमोर आले तर एकाला कुणाच्या तरी दारात शिरावं लागे. मोटारी वेशीबाहेरच थांबत. त्यामुळे पिठाची पोती असोत, कपाट असो की नवरीचं सामान, सगळं माझ्याच अंगावरून वर जाई. वेशीच्या आत माझा वट होता.

मला ओढणारा हमाल कमी बोलायचा. त्याची मुलगी पोती धरून माझ्या मागच्या फळीवर बसायची, बापाकडे पाठ आणि वेशीकडे तोंड करून. शहर तिला नेहमी मागे सरकतानाच दिसे. पुढे तिचं लग्न झालं, ती दूर गेली. हमालही थकला आणि एके दिवशी गेला. मला फार सुनं वाटलं.

नंतर शहर बघायला पाहुणे येऊ लागले. त्यांच्या बॅगांना स्वतःची चाकं असत, पण चढ पाहिला की त्याही माझ्यावर येऊन बसत. मग विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि माझं काम सुटलं. मला वेशीपाशी उभं करून माझ्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या. लोक माझे फोटो काढत. मित्रांनो, खरं सांगते, त्या कौतुकाची मला लाज वाटे.

एका दुपारी एक आजी लेकीचा हात धरून गल्लीतून खाली आली.

"आई, राहू दे आता. दोनदा वर जाऊन आलो. बस सुटेल."

"सगळी दारं एकाच रंगाची केलीत गं. माझं घर मलाच सापडेना. आणि पुन्हा काही माझ्याच्यानं येणं होत नाही."

दमून ती माझ्या मागच्या फळीवर टेकली, वेशीकडे तोंड करून. तिचा हात आपसूक मागे, कडेच्या दांडीवर गेला. तो हात मी ओळखला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला अशीच वर ने. उलटी."

लेक कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माळ्याकडे पाहू लागली. "न्या की," तो म्हणाला, "पण कुरकुरेल हं ती." त्याने कुंड्या खाली उतरवल्या आणि ओढायला हात लावला. मी कुरकुरले खरी, पण चढले.

आजी मागे सरकणारी गल्ली डोळे बारीक करून पाहत होती. "हा हौद. आता वळण. आता दरी दिसेल. दिसली. थांबा, हेच."

दारावर परकी पाटी होती, खिडकीत परके पडदे होते. पण उंबऱ्याशेजारच्या दगडावर माझ्याच चाकाने पाडलेली खाच होती. घर तेच होतं.

"उतर ना, आई."

"सामान उतरल्याशिवाय बाबा मला उतरू द्यायचे नाहीत. मी उठले की पोती घसरायची."

लेकीने आईजवळची पिशवी उचलून उंबऱ्यापाशी ठेवली. पाण्याची बाटली ठेवली. शाल ठेवली. आणि हात पुढे केला.

"झालं सगळं. आता उतर."

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घातलंत तर बरंच, नाही घातलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस आपली जुनी जागा शोधत असेल, तर एक बस चुकू द्या.