कुंपणात अडकलेला सुळा

मी रानडुकराचा सुळा बोलतोय. चीनमधल्या निंगहायच्या डोंगरात माझ्या धन्याने एकदा तीन शिकारी एकाच झाडावर चढवले होते. झाड अजून वाकडं आहे, बघून या. धनी गेला आणि मी नाटकमंडळीत आलो. आमच्याकडे राक्षसाचं सोंग घेणारा नट चार सुळे तोंडात धरून गातो आणि ओठांतून आत-बाहेर नाचवतो. हात लावायचा नाही. सगळी मदार जिभेवर आणि गालाच्या स्नायूंवर.

माझी उमेदीची वर्षं शुए गुरुजींच्या तोंडात गेली. खेळ संपला की ते आम्हाला दारूत बुडवत, धुण्यासाठी म्हणे. पुढे त्यांना कवळी आली आणि एका खेळात राक्षसाच्या तोंडातून आमच्यामागोमाग तीही बाहेर आली. तेव्हापासून मी त्यांच्या शिष्येच्या, चिंगयाओच्या, डाव्या गालात राहतो.

पोरगी जिद्दी, पण डावीकडचा एक दात आडवा. तिथे मी नीट बसेना, म्हणून तिने दातांना तारा लावून घेतल्या.

"तोंडाला कुंपण घातलंस," गुरुजी म्हणाले. "आत काय कोंबड्या पाळणार?"

"तुमची कवळी पळाली, तसं माझं काही पळू नये म्हणून, गुरुजी."

पण तारा लागल्या आणि तिचा गालच गळाठला. मी सरावात सारखा पडू लागलो. गुरुजींनी निकाल दिला, "जत्रेत सुळा पडला तर हा खेळ बंद. सुळे सांस्कृतिक भवनाच्या काचेच्या कपाटात." गाल आळशी झालाय असं समजून त्यांनी तिला रोज ऊस चावायला बसवलं. जत्रेच्या आदल्या दिवशी उसाने तारेची एक कडी उखडली.

मी तिच्या खिशात होतो. दातांच्या डॉक्टर गे बाईंनी कडी बसवली, तार ताणली, गालांना स्नायूंचा जोर मोजणाऱ्या यंत्राच्या चिकटपट्ट्या लावून चावायला सांगितलं. पडद्यावर उजवी रेघ टुणकन उडाली, डावी जेमतेम हलली.

"स्नायू आळशी नाही, भ्यालाय," बाई म्हणाल्या. "दात दुखतो म्हणून जपून चावतोय. काही दिवस मऊ खा, येईल ताळ्यावर."

"खेळ उद्या आहे."

"हे तार ताणायच्या आधी सांगायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या रंगमंचावर आम्ही चौघे तिच्या तोंडात शिरलो. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्यात डावा गाल अचानक गप्प झाला. मी घसरत ओठाच्या काठावर आलो. पडणार, एवढ्यात तारेच्या आकड्याने मला धरलं. पडलो नाही, पण आतही जाईना. तिघे आत आणि मी एकटा बाहेर लोंबतोय. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने सूर्यफुलाच्या बिया फोडणं थांबवलं. ढोलवाला तोच ठेका पुन्हा पुन्हा धरत राहिला. पडद्याआड गुरुजींचा जबडा तिच्या जबड्याबरोबर हलत होता.

वाट एकच होती: दुखऱ्या दातांनी मला करकचून दाबायचं आणि मागे ओढायचं. गाल उठला, कळ येताच मागे फिरला. पुन्हा उठला, पुन्हा फिरला. मग तिने दात सैल केले. मला ते कपाट दिसायला लागलं.

तिने श्वास घेतला. चावा उजवीकडून सुरू केला आणि भ्यालेल्या पोराला बोट धरून आणावं तसा हळूहळू डावीकडे आणला. गाल थरथरला. थरथरतच दाटत गेला, दगडासारखा झाला. आकडा वाकला आणि मी आत. लगेच आम्ही चौघे बाहेर, थेट नाकापर्यंत.

देऊळ दणाणलं. मी लोंबलो ती राक्षसाची नवी करामत, असंच लोकांना वाटलं. आता गावोगावचे लोक तीच मागतात.

"ऊस कामी आला," गुरुजी म्हणाले.

"आला ना," पेज पीत चिंगयाओ म्हणाली. "डॉक्टरांच्या."

आज तो दात सरळ झालाय आणि डावा गाल मला उजव्याइतकाच घट्ट धरतो. माझ्या पाठीवर तारेचा ओरखडा तेवढा उरलाय. एकच मागणं आहे: नुकती तार ताणलेल्या माणसाला ऊस देऊ नका आणि त्याच्या गालाला आळशी म्हणू नका.

कपाट मात्र भवनवाल्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. रिकामं बरं दिसेना, म्हणून त्यात गुरुजींची कवळी ठेवलीय. पोरं काचेला नाक लावून विचारतात, हा राक्षस कुठल्या डोंगरातला?