सोजित्र्याचे जावई

खाली चष्म्याचं दुकान आहे, वर माझी समुपदेशनाची खोली. त्यामुळे लेस्टरमध्ये पुष्कळ गुजराती लोकांचे डोळे बिघडलेले आहेत.

गुजरातेतल्या चरोतरातली आम्हा पटेलांची सहा गावं मुली एकमेकांतच देतात.

कोपऱ्यावरचं दुकान विकलं की नवा मालक आधी कुलूप बदलतो, मग पाटी.

माझ्या दारावर ‘ब्रिंदा पटेल’ असं लिहिलंय. म्हणजे आडनावाच्या जागी काहीच लिहिलेलं नाही.

जावयाला चहा विचारला तर तो दोनदा नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं नाही तर मरेपर्यंत लक्षात ठेवतो.

टिश्यूचा डबा मला महिनोन्‌महिने पुरतो. रडायला लोक घरी जातात.

*

उर्मिलाबेन आणि भास्करभाई वेगवेगळ्या बसने आले. ते एकसष्ट, त्या अठ्ठावन्न. त्यांचं कोपऱ्यावरचं दुकान विकून वर्ष झालेलं. त्या वर्षात नवरा घरात एक शब्द बोलला नव्हता, अशी उर्मिलाबेनची तक्रार होती.

“रागावलाय,” त्या म्हणाल्या. “कशावर, ते सांगत नाही. दिवाळी झाली की मी भावाकडे देशात चाललेय. त्याआधी यांनी तोंड उघडलं तर परत येईन. नाहीतर तिथेच राहीन. भावाची बायको निदान भांडते तरी.”

मी भास्करभाईंकडे पाहिलं. त्यांनी श्वास घेतला, हात गुडघ्यांवर ठेवले.

“गोष्ट अशी आहे की...”

“थांबा हं,” उर्मिलाबेन म्हणाल्या. “बेन, तुम्ही कुठल्या गावच्या?”

आम्हाला शिकवताना सांगतात की समुपदेशकानं स्वतःबद्दल बोलू नये. असा प्रश्न आला तर विचारावं, ‘हे जाणून घेणं तुम्हाला का महत्त्वाचं वाटतं?’ आमच्या लोकांना असं विचारलं तर ते समजतात, ही घरातून पळून गेलेली दिसते. म्हणून मी सरळ उत्तर देते. माझी तीच पद्धत आहे, आणि तिच्यासाठीच लोक माझ्याकडे येतात.

“सोजित्र्याची,” मी म्हणाले.

“अगं बाई! मीही सोजित्र्याची!”

भास्करभाईंनी तोंड मिटलं. स्वेटर खाली ओढून सरळ केला. पाय जवळ घेतले.

“गोष्ट काय होती?” मी विचारलं.

“कसली गोष्ट? सगळं उत्तम आहे.”

*

गावची मुलगी म्हणजे गावातल्या सगळ्यांची बहीण, आणि तिचा नवरा सगळ्या गावाचा जावई. जावई सासरच्या माणसासमोर त्यांच्या मुलीबद्दल ब्र काढत नाही. मी आता सासरचं माणूस होते. खुर्चीत बसलेली, घड्याळ लावून ऐकणारी मेहुणी.

*

दुसऱ्या भेटीत भास्करभाई बायकोबद्दल म्हणाले, “सुशील आहे.”

तिसऱ्या भेटीत म्हणाले, “रोटली पातळ करते.”

“बघितलंत?” उर्मिलाबेन किंचाळल्या. “घरी दगड, आणि इथे आरती ओवाळतायत माझी! बेन, यांना सांगा, माझी निंदा करा म्हणावं!”

“तुमची निंदा कशी करणार?” ते माझ्याकडे बघत म्हणाले. “खानदानी गाव.”

*

माझ्या कामावर देखरेख करणारी बाई, कॅथरीन, म्हणाली, तुझी तटस्थता गेली आहे, त्यांना दुसऱ्याकडे पाठव.

मी भास्करभाईंना विचारलं. पर्याय तीन होते.

“एक स्कॉटिश गृहस्थ आहेत.”

“गोऱ्यासमोर घरचं बोलायचं? दुकानात आयुष्यभर त्यांच्याशी हवेबद्दल बोललो. तेवढं पुरे.”

“हरजीतबेन आहेत, पंजाबी.”

“भल्या असतील. पण त्यांच्यात नवरा-बायको मोठ्यांदा बोलतात. त्यांना आमचा रोग कसा कळणार?”

“करमसदचे एक भाई आहेत, आपल्या सहा गावांतलेच.”

“परेश ना? तो माझ्या मामेबहिणीचा दीर. त्याला सांगितलं की रविवारपर्यंत मंदिरात सगळ्यांना कळेल.”

“मग?”

“तुम्ही चांगल्या आहात की.”

तोवर बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे लागले होते.

*

चौथ्या भेटीत मी जे केलं ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. मी खुर्ची सोडली, त्यांच्यापेक्षा खाली, लहान स्टुलावर बसले आणि त्यांना भास्करभाई म्हणायचं बंद केलं. आमच्यात जावयाच्या नावाला ‘कुमार’ लावतात, मग तो एकसष्टचा का असेना. जावयाला तक्रार करता येत नाही, पण रुसता येतं. तो त्याचा हक्कच आहे. तो रुसला की सासरच्यांनी पुढे होऊन विचारायचं असतं.

“भास्करकुमार,” मी म्हणाले, “सोजित्र्याकडून काही कमी पडलं का?”

“छे छे. काही नाही.”

“मनात असेल तर बोला. आम्ही मुलीकडचे. चूक आमचीच असणार.”

“नाही हो. तुम्ही खूप केलंत.”

उर्मिलाबेन खुर्चीत पुढे सरकल्या. आता इथून पुढे कसं जायचं ते त्यांनाही माहीत होतं.

“भास्करकुमार, काय राहिलं?”

ते गालिच्याकडे बघत बोलू लागले.

“सोजित्र्यानं मुलगी दिली,” ते म्हणाले. “पितळेची भांडी दिली. वरातीला श्रीखंड दिलं, जरा आंबट होतं, ते जाऊ दे. पण काय बोलायचं, ते नाही दिलं.”

“म्हणजे?”

“दुकान होतं तेव्हा बोलायला असायचं. दूध संपलं. पावाची गाडी आली. सुटे दे. त्या म्हातारीला सांग, पोस्टाची तिकिटं उद्या. सकाळपासून रात्रीपर्यंत बोलायचो आम्ही. आता मी उठतो, ही उठते. मी फ्रिज उघडतो. दूध असतं. मग काय म्हणू?”

खाली चष्मेवाला कुणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता.

“म्हणजे तुम्ही रागावला नव्हतात?” उर्मिलाबेन म्हणाल्या.

“कशावर रागावू?”

“वर्षभर मी विचार करतेय, माझं काय चुकलं!”

“विचारायचं होतंस.”

“मी काय विचारणार? रागावलेल्या माणसाला?”

“मी रागावलो नव्हतो!”

“ते मला कसं कळणार? तोंड तर तेच!”

“तोंड लग्नाच्या आधीपासून हेच आहे!”

“तुम्हाला बोलायला काही सापडेना, म्हणून मी गोळी घेऊन झोपायची! डॉक्टरला सांगितलं, छातीत धडधडतं!”

“छातीत धडधडतं?” ते पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. “कधीपासून? मला का नाही सांगितलंस?”

“कुणाला सांगू? फ्रिजला?”

मग ते भांडले. बऱ्यापैकी भांडले. त्यात आंबट श्रीखंड आलं, नव्या मालकाला दुकानाची घंटा फुकट दिली ते आलं, आणि उर्मिलाबेनच्या भावाची मोटरसायकलही आली. वेळ संपली. पुढचं जोडपं डोळे तपासायला खाली येऊन बसलं होतं. मी त्यांना बसू दिलं.

शेवटी उर्मिलाबेननी नाक पुसलं, तेही पदरानं. “तरी मी भावाकडे जातेय,” त्या म्हणाल्या.

“जा. भावाला सांग, मला तिखट चालत नाही.”

“तुम्हाला कुणी बोलावलंय?”

खरंच होतं ते. जावई बोलावल्याशिवाय जात नाही. उर्मिलाबेन स्वतः बोलावू शकत नव्हत्या. बायकोचं बोलावणं हे बोलावणं धरत नाहीत. भाऊ तिकडे सोजित्र्याला होता. खोलीत सोजित्र्याचं माणूस एकच होतं, आणि दोघंही आता त्याच्याकडे बघत होते.

कॅथरीनला हे कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मी स्टुलावरून उठले आणि हात जोडले.

“भास्करकुमार, दिवाळीनंतर सोजित्र्याला या.”

“नको, नको,” ते म्हणाले. “कशाला तुम्हाला त्रास?”

“या हो. घर तुमचंच आहे.”

“नाही, खरंच नको.”

उर्मिलाबेन माझ्याकडे असं बघत होत्या, जणू माझ्या हातात पाण्याचा भरलेला पेला आहे आणि मी तो सांडणार आहे.

“भास्करकुमार,” मी म्हणाले, “याल ना?”

“आता तुम्ही इतकं म्हणताय तर,” ते म्हणाले, आणि बायकोला विचारलं, “थंडी असते का गं तिथे? स्वेटर घेऊ?”

“हा नको. तो निळा घ्या.”

“निळा कुठे ठेवलायस?”

ते जिन्यावरून उतरून बसच्या रांगेत उभे राहीपर्यंत निळ्या स्वेटरबद्दल बोलत होते. खिडकीतून ऐकू येत नव्हतं, पण तोंडं हलत होती.

मी स्वतः सोजित्रा कधी पाहिलेलं नाही. माझे पणजोबा १९२७ साली सोजित्र्याहून मोंबासाला निघाले, तेव्हा त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं.