न पुकारलेला आहेर

बंकटचा राजा बैल तोरणाखालून गेला तेव्हा पांढराशुभ्र होता, आणि मारुतीच्या देवळाला वळसा घालून पुन्हा वेशीत आला तेव्हा गुलाबी झाला होता.

मधल्या वेळात एक सर येऊन गेली होती, एवढंच. श्रावण सरता सरता येते तशी, न भिजवता ओलं करून जाणारी. पण तेवढी पुरली. राजाच्या तोंडावरच्या नव्या कोऱ्या म्होरकीतून रंग सुटला, कपाळावरून नाकपुड्यांवर आला, तिथून गळ्यावर आणि गळ्यावरून छातीवर उतरला. राजाला त्याचं काहीच नव्हतं. तो आपला डौलात चालत होता. वाजंत्री मात्र थांबली, कारण हसू यायला लागलं की सनई फुंकता येत नाही.

"बंकट, पोळ्याला व्हळी खेळलास का बे?" गर्दीतून कुणीतरी विचारलं, आणि सगळी युसूफ वडगावची वेस हसली.

बंकट हसला नाही. यंदा तोरणाखालून पहिला जायचा मान त्याच्या बैलाचा होता. तो गर्दीत एकाच माणसाला शोधत होता. तो माणूस म्हणजे आश्रुबा गडदे. देवळाच्या कट्ट्याला टेकून उभा होता, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको मुक्ताबाई फोन धरून सगळी मिरवणूक टिपत होती. बैल गुलाबी झाला तरी तिने फोन खाली घेतला नाही. उलट दोन पावलं पुढे गेली.

आश्रुबा मेंढरं राखणारा माणूस. माळावर मेंढरं चरायला सोडली की त्याचे हात रिकामे राहत नसत. सूत वळायचं, विणायचं, गोंडे बांधायचे. बैलाच्या तोंडावर बांधायची म्होरकी तर तो अशी विणायचा की ज्याच्या दावणीला बैल नाही त्यालाही एक घेऊन ठेवावीशी वाटे. विकली मात्र कधी कुणाला नाही. हौसेला मोल नसतं असं तो म्हणायचा, आणि म्हणूनच घरात पीठ नसतं असं मुक्ताबाई म्हणायची. पीठ असायचं, पण बाईला बोलायला काहीतरी पाहिजे.

मग फोन आला, आणि ही हौस फोनवर गेली. केजच्या बाजारातून नव्या कंपनीचं सूत आणायचं, भिजवायचं, पिळायचं, उन्हात टाकायचं, दाताने ओढून बघायचं, आणि मग जे असेल ते कॅमेऱ्यासमोर बोलायचं. कॅमेरा मुक्ताबाईच्या हातात. सुरुवातीच्या व्हिडिओंत निम्मा आश्रुबा आणि निम्मा तिचा अंगठा दिसतो. तरीही लोक बघत. धारूर, अंबाजोगाईपासून फोन येत, की आश्रुबाभाऊ, कोणतं सूत घेऊ? आश्रुबा बोलला म्हणजे धुऊन पाहिलेलं असणार, असा त्याचा लौकिक झाला होता.

पण त्याची खरी मिरवायची जागा वेगळीच होती. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, आहेर पुकारायला आश्रुबाच लागे. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, की तो माईक हातात घेई, आणि कुणी काय दिलं ते खणखणीत आवाजात साऱ्या मांडवाला ऐकवी. अमुक गावचे तमुक यांच्याकडून भगोनं एक, तमक्या मावशींकडून साडी-चोळी. साधं स्टीलचं ताट त्याच्या तोंडून चांदीचं वाटायचं. देणारा ताठ होऊन बसायचा. पुकारला नाही तो आहेर दिलाच नाही, असं आपल्याकडे मानतात. आणि पुकारायचा असतो म्हणूनच कुणी फाटकं लुगडं घडी घालून देत नाही.

या सगळ्यात एक आहेर मात्र कधीच पुकारला जात नसे, तो म्हणजे आश्रुबाचा स्वतःचा. आपला आहेर आपल्या तोंडाने कसा पुकारायचा? तो मुकाट ढिगात ठेवायचा आणि पुढचं नाव घ्यायचा. मुक्ताबाईला याचा फार सल होता. तिच्या भाच्याच्या लग्नात तिने पितळी घागर दिली होती, आणि ती कुणी दिली ते नवरीलासुद्धा कळलं नाही.

तर अशा या आश्रुबाच्या दारात पोळ्याच्या आधी एक खोकं आलं. 'झगमग' नावाच्या सुताच्या कंपनीने पाठवलेलं. आत सगळ्या रंगांच्या लडी, राणी रंग तर डोळ्यांत मावेना. मागोमाग एका मुलीचा फोन आला. गोड बोलत होती. आश्रुबाला तिने सर म्हटलं. जन्मात त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. मेंढरांनी तर नाहीच. सर, आवडलं तर पोळ्याच्या आत दोन चांगले शब्द बोला, म्हणाली. आश्रुबाने त्याच दुपारी लड हातात धरली आणि दोनाच्या जागी वीस शब्द बोलला. असा पक्का रंग आपण पाहिला नाही, असंही बोलून गेला. लड पाण्यात बुडवलीच नव्हती.

फोन बंद करता करता मुक्ताबाईने विचारलं होतं, की हे कंपनीने तसंच, फुकट दिलंय ते का नाही सांगितलं? आश्रुबाने दोन उत्तरं दिली. आपल्याला काय मिळालं ते आपणच सांगत सुटणं म्हणजे फुशारकी. आणि धर्माच्या गायीचे दात मोजत नसतात. दोन्ही गोष्टी चांगल्या घरच्या. पण त्याने त्यांचं लग्न भलत्याच मांडवात लावलं.

बंकटने तो व्हिडिओ पाहिला, केजहून तेच सूत आणलं, आणि लहानपणापासूनचा दोस्त म्हणून आश्रुबाकडूनच म्होरकी विणून घेतली. पुढचं वेशीत सगळ्यांनी पाहिलंच.

बंकट राजाला घेऊन कट्ट्यापाशी आला. गर्दी जरा मागे सरली.

"धुऊन पाह्यलं व्हतंस का बे?"

"न्हाई," आश्रुबा म्हणाला.

"मंग बोललास कावून?"

आश्रुबाला खोटं बोलता यायचं नाही असं नाही, पण समोर राजा उभा होता आणि त्याच्या नाकावरून अजून गुलाबी थेंब गळत होता. तो म्हणाला, "त्यांनी पेटी पाठवलती. तशीच. आहेर म्हून."

बैल गुलाबी झाल्याचा बंकटला राग आलाच नव्हता. खरं तर तोही घटकाभराने हसला असता. राग आला तो आता.

"सगळ्या गावाचा आहेर पुकारणारा तू," तो म्हणाला, "आन् सोताला आलेला दडवलास? उज्ज्वलाच्या लग्नात आमी दुसरा माणूस पाहू."

उज्ज्वला त्याची मुलगी. तुळशीचं लग्न झालं की तिचं लग्न होतं. आश्रुबाने आयुष्यात पहिल्यांदा माईक धरला तो बंकटच्या लग्नात.

त्या दिवशी आश्रुबाच्या घशाखाली पुरणपोळी उतरली नाही. मुक्ताबाईने आपली खाल्ली, मग त्याची खाल्ली. आश्रुबाला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. मेंढरं राखणं, सूत वळणं हे कुणीही करतं. मांडवभर माणसं आपल्या आवाजाकडे कान लावून बसतात, एवढंच एक त्याच्यापाशी मिरवण्यासारखं होतं, आणि तेच हातचं गेलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. पाठीमागे मुक्ताबाईने फोन चालू केला. सनई वाजली, सनई थांबली, आणि ती हसायला लागली. पुन्हा लावला, पुन्हा हसली. शेवटी आश्रुबाही उठून बसला आणि पाहू लागला. राजाच्या तोंडावरचा तो गंभीर भाव पाहून त्याला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

"अवो, लगनात एखाद्याचा आहेर उशिरा आला तर तुमी काय करता?" मुक्ताबाईने विचारलं.

"मांडव उतरंस्तवर पुकारतो की."

"मंग? अजून कुठं उतरलाय मांडव?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबा विहिरीवर बादली घेऊन बसला. डोक्याला लग्नातला फेटा. मुक्ताबाईने अंगठा बाजूला ठेवून फोन धरला. आश्रुबाने खाकरून घसा मोकळा केला आणि मांडवातला आवाज लावला: "झगमग कंपनी यांच्याकडून, युसूफ वडगावचे आश्रुबा गडदे यांना, रंगीत सुताची पेटी एक, आहेर!" विहिरीने तो आवाज दोनदा परत दिला. मग त्याने राणी रंगाची लड बादलीत बुडवली, पिळली, आणि दोन्ही गुलाबी हात पुढे केले. फुकट आलेल्या सुताला आपण न धुता चांगलं म्हटलं, ते आपलं चुकलं, बंकटचा बैल आपल्यापायी रंगला, असं त्याने साध्या आवाजात सांगितलं. शेवटी मुक्ताबाईने राजाची मिरवणूक जोडली. ते मात्र तिने आपल्या मनाने केलं.

तो व्हिडिओ आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. धारूरच्या एकाने आपल्या निळ्या झालेल्या बैलाचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं की भाऊ, तुमचा तरी शोभून दिसतो. कंपनीच्या मुलीचाही फोन आला. आता सर वगैरे काही नव्हतं. व्हिडिओ काढून टाका, आम्ही याहून मोठी पेटी पाठवतो, म्हणाली.

"पाठवा की, ताई," आश्रुबा अदबीने म्हणाला. "फकस्त पुकारावी लागंल."

पेटी आली नाही. इतर कंपन्यांचे मात्र फोन येत राहिले. पुकारायचं म्हटल्यावर काही जण गळायचे, काही जण पाठवायचे. आलेली पेटी आश्रुबा फेटा बांधून पुकारायचा, मगच धुवायला घ्यायचा. लोक सूत पाहायला येत आणि पुकारणं ऐकायला थांबत. आश्रुबाच्या घरात पुन्हा हसू खेळायला लागलं. बंकट तेवढा समोरून आला की चपलेकडे पाहत निघून जाई. व्हिडिओ त्यानेही पाहिला होता, कारण गावात न पाहिलेला माणूसच नव्हता. पण बंकट म्हणजे बंकट.

उज्ज्वलाचं लग्न लागलं. आवतण आलं होतं, माणूस सांगायला घरी येऊन गेला होता, त्यामुळे जायला हवंच होतं. आश्रुबा मांडवाच्या पार शेवटच्या टोकाला बसला. त्याने नव्याने विणलेली म्होरकी मुक्ताबाईने सकाळीच बंकटच्या घरात नेऊन दिली होती. मांडवाच्या खांबाला राजा बांधला होता. सगळा पांढरा, फक्त कानाच्या मुळाशी अजून थोडा गुलाबी.

पंगती बसल्या. आहेराची वेळ झाली. माईक घ्यायला कोण येतं म्हणून आश्रुबा मान खाली घालून ऐकत राहिला. माईकमधून आधी जोरात फुंकर ऐकू आली. दुसरा माणूस कुणी पाहिलाच नव्हता. बंकट स्वतः उभा होता, फेटा तिरका, आणि माईक दोन्ही हातांनी गच्च धरलेला.

"पैला आहेर," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटका होता, तरी मांडव गप्प झाला. "आश्रुबा गडदे आन् मुक्ताबाई गडदे यांच्याकडून, आमच्या राजाला, हातानं इणलेली म्होरकी एक. सूत इकत आणलेलं. रंग..."

तिथे तो थांबला. शेजारचा पाण्याचा तांब्या त्याने म्होरकीवर उपडा केला, म्होरकी करकचून पिळली, आणि ओला तळहात मांडवाला दाखवला. तळहातावर नुसतं पाणी होतं.

"रंग पक्का," बंकट म्हणाला. हशाने मांडवाचं कापड हललं. मग त्याने शेवटच्या टोकाकडे बघून माईक पुढे धरला. "ये बे. पुढचं मला न्हाई जमायचं."

आश्रुबा पंगतींच्या मधून वाट काढत गेला. पुढचा आहेर रामकिसनचा होता, पातेलं एक. आश्रुबाने माईक हातात घेतला आणि आधी बंकटचा तिरका फेटा सरळ केला. लोक थांबले. कुणालाच घाई नव्हती.

बायकांच्या बाजूला मुक्ताबाई ताठ होऊन बसली. तिने पदर सारखा केला, आणि शेजारी बसलेल्या परगावच्या ओळख ना पाळख बाईकडे वळली.

"आमचा हाय त्यो," ती म्हणाली. "आत्ता पैला पुकारला न्हाई का, त्यो."