माझ्या कोपऱ्यावरून गेलेला चेंडू

मित्रांनो, मी एके काळी पांढरीशुभ्र होते, हे आता मला सांगावे लागते. मी एक जुनी होम प्लेट आहे. बेसबॉलमध्ये फलंदाज ज्या पाचकोनी रबरी पाटीशेजारी उभा राहतो, ती मी. मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. आयुष्य जमिनीला टेकून गेले. बोलायची सवय नाही.

कारखान्यातल्या साच्यातून निघून मी साउथहॅम्प्टनच्या एका विद्यापीठात आले. मैदान फुटबॉलवाल्यांचे, आमची फक्त बुधवारची दुपार. चेंडू गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत माझ्यावरून गेला तर तो स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइकना फलंदाज बाद, चार बॉलना त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा, फुकट. माझ्या कोपऱ्याला नुसता चाटून गेला, तरी स्ट्राइकच. त्याचा वारा अंगाला लागला की मला कळे. पण सांगायचे काम अंपायरचे.

आमचे अंपायर पुरुषोत्तमआजोबा. इस्पितळातून निवृत्त झालेले डॉक्टर. माझ्यावर माती साचली की ते खिशातला छोटा ब्रश काढून वाकत, तेही रीतीप्रमाणे प्रेक्षकांकडे तोंड आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे पाठ करून. त्या ब्रशचा स्पर्श मला अजून आठवतो. हरलेली मुलेसुद्धा त्यांचा हात हातात घेऊन मगच जात.

पुढे इंग्लंडातच वाढलेली त्यांची नात वैभवी तिथेच शिकायला आली आणि पिचर झाली. तिच्या सामन्यांना आजोबा अंपायर म्हणून कधी उभे राहत नसत. पण बर्मिंगहॅमच्या संघाशी सामना होता, त्या दिवशी दुसरे अंपायर ट्रेनमध्येच अडकले.

"काका, तुम्हीच राहा ना," पाहुण्यांचा कर्णधार नकुल म्हणाला. "तुमच्यावर कोण डाउट घेणार?"

"गेलो रे आपण!" त्याच्याच संघातला पुष्कर बाकावरून ओरडला. "नात पिचर, आजोबा अंपायर. फुल फॅमिली पॅकेज!"

सगळे हसले. आजोबाही हसले. पण मला पुसताना त्यांनी ब्रश पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यावर फिरवला.

त्यानंतर वैभवीने कोपऱ्यावर टाकलेला प्रत्येक चेंडू त्यांनी बॉल ठरवला. शेवटच्या डावात बरोबरी झाली. पाहुण्यांचे खेळाडू तिन्ही बेसवर उभे होते. आता एक स्ट्राइक मिळाला तर त्यांचा डाव संपणार होता. बॉल ठरला तर त्यांना फुकट धाव मिळणार होती. वैभवीने चेंडू टाकला. तो माझ्या डाव्या कोपऱ्यावरून गेला. मला त्याचा वारा लागला.

"बॉल!" आजोबा म्हणाले.

आमच्या फलंदाजीत ती धाव फिटली नाही आणि त्या एका धावेने आम्ही हरलो.

सगळे निघून गेले, तरी वैभवी जागची हलली नाही. "आजोबा, माझी बॉल प्लेटवरून गेली ना?"

"स्ट्राइक दिला असता तर लोक काय म्हणाले असते, बाळ?"

"मी लोक नाही विचारलं. बॉल विचारलं."

सामना संपला होता, तरीही आजोबा ब्रश काढून माझ्यावर वाकले. या वेळी त्यांची पाठ तिच्याकडे नव्हती, तोंड होते. "गेला होता," ते म्हणाले. "मी घाबरलो."

"दुसरी कोणी पिचर असती तर?"

"स्ट्राइक."

"मग अनफेअर माझ्याशीच झालं."

आजोबांनी मान हलवली आणि ब्रश खिशात ठेवला. तो मला पुन्हा कधी लागला नाही.

थंडीने मला चीर पडली आणि नवी प्लेट आली. मी आता मैदानाच्या कडेच्या खोपटात, फाटक्या जाळ्याखाली असते. बुधवारी दार उघडले की आजोबांची ती सावकाश पावले ऐकू येतात का, म्हणून कान देते.

परवा वैभवी बॅटी न्यायला आली. मला पाहून ती खाली बसली आणि अंगठ्याने माझा डावा कोपरा पुसत तिने फोन लावला.

"आजोबा, अंपायर नाहीये आज. मी खेळत नाही, खांदा दुखतोय. या ना, प्लीज. जे दिसेल ते फक्त बोला."

फोनमधून आजोबांचा आवाज आला.

"नको, बाळ. डोळे तेच आहेत गं. पण ते आता आधी लोकांकडे बघतात."

तिने फोन खिशात ठेवला. मग बॅटी घेऊन निघाली. दार ओढायचे मात्र राहून गेले.

मित्रांनो, मला उन्हात परत नेऊ नका, नव्याने रंगवू नका. एवढेच करा. निवाडा तुमच्या हाती आला, तर समोर परका असो की आपला, आधी माझ्याकडे बघा. तो चेंडू माझ्यावरून गेला होता. मला ठाऊक होते, पण मला आवाज नाही. तुम्हाला आहे.