झोपेची वही

पाळणाघराचा परवाना भिंतीवर काचेत होता आणि काच रोज पुसली जायची. खाली नियम: चार तान्ह्यांमागे एक बाई, पाळण्यात उशी नको, बाळ पाठीवर, दर पंधरा मिनिटांनी श्वास बघून वहीत नोंद. मागच्या खेपेला तपासनीस वही चाळून म्हणाले होते, "मामी, इतकी स्वच्छ वही मी कुठे पाहिली नाही." मामी लाजल्या. शाळेतसुद्धा त्यांना कुणी एवढं म्हटलं नव्हतं.

स्वच्छतेचं गुपित साधं होतं. वही बारा वाजताच भरली जायची. झोपेच्या वेळी दोन्ही हात गुंतलेले. पेन धरायला तिसरा कुठून आणायचा? मामी लबाड नव्हत्या. पंधरा मिनिटांत चारदा पाळण्यांत डोकावायच्या. फक्त आधी लिहायच्या आणि मग बघायच्या. मालकीणबाईंना, म्हणजे मॅडमना, हे ठाऊक होतं. "रकाना रिकामा नको," त्या म्हणायच्या, "बाकी तुम्ही शहाण्या आहात."

त्या दिवशी दुसरी बाई तापामुळे आली नाही. मॅडम फोनवर म्हणाल्या, "सातच तर आहेत. एकदा झोपली की चार काय नि सात काय."

सहा झोपली. सातव्याचे दात येत होते. त्याचा वाद संपत नसे म्हणून मामी त्याला वकीलसाहेब म्हणत. तो खांद्यावरून उतरेना. बाकीची उठू नयेत म्हणून मामी त्याला घेऊन बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारत राहिल्या.

खिडकीजवळच्या पाळण्यात भोवरा होता, पाच महिन्यांचा. हे नावही मामींचंच. चार दिवसांपूर्वी तो पालथा पडायला शिकला होता. परत उताणा व्हायला अजून शिकायचा होता.

पावणेदोनला मामी आत आल्या. दोनला दवाखान्याची गाडी त्याला घेऊन गेली, पण तिथे डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस वही न्यायला येणार होते. त्यांच्याआधी भोवऱ्याची आई आली. रडली नाही.

"मला फक्त वेळ सांगा," ती म्हणाली. "दीडला मी ऑफिसात त्याच्यासाठी दूध काढत होते. तेव्हा तो होता का?"

मॅडमनी लगबगीने त्याचं पान काढलं. "हे बघा ना. दीड. पाठीवर, श्वास ठीक."

आईचं बोट रकान्यांवरून खाली सरकत गेलं. "दोन. पाठीवर, श्वास ठीक. सव्वादोन. ठीक." बोट तळाशी थांबलं. "तीन. उठला, हसला."

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मामी, यातलं कुठपर्यंत खरं आहे?"

मामींनी आठवून पाहिलं. खांद्यावरची लाळ आठवली, वकीलसाहेबांचं हुंदके देणं आठवलं. घड्याळ काही केल्या आठवेना.

"मला नाही माहीत, ताई. हे सगळं बारालाच लिहिलं."

"बाराला तो काय करत होता?"

"माझ्या मांडीवर होता. पेन ओढत होता."

त्या स्वच्छ पानावर दीडच्या रकान्यातून एक रेघ वाकडी खाली गेली होती. आईने तिच्यावर बोट ठेवलं. पोलीस आले, त्यांनी वही मागितली, तरी ते उचललं नाही.