देवाकडे पाय

“उद्या पहाटे चर्चमध्ये आपण आणि देव. तिसरं चिटपाखरू दिसलं तर नाव बदलीन,” माझा साडू म्हणाला.

नाव बदलायचं म्हटलं तर त्याला घरात आधीच टूरमास्तर म्हणतात. हा सगळा परदेश दौरा त्यानेच आखला होता. आखला म्हणजे पहिले सगळे दिवस बाजार, मग बाजारातलं बदलून आणायला पुन्हा बाजार, आणि जे चर्च बघायला आम्ही आलो होतो ते शेवटच्या सकाळी. त्यातही चर्च पर्यटकांसाठी दहाला उघडतं आणि आमची विमानतळाची बस नऊला, हे त्याला आदल्या संध्याकाळी कळलं.

“काळजी नको. पहाटे प्रार्थना असते, तिला कुणालाही सोडतात. भाविक म्हणून घुसायचं. भाषेचं माझ्यावर सोडा, तीन महिने ॲपवर शिकलोय.”

मला आणि बायकोला चर्च पाहिलं काय नि नाही काय, फरक पडत नव्हता. प्रश्न सासरेबुवांचा होता. अण्णांच्या घरात जेवणाच्या टेबलासमोर एक जुनं कॅलेंडर आहे. तारखांचा भाग केव्हाच फाडून रद्दीत गेला, वरचं चित्र तेवढं उरलंय. चित्र म्हणजे ह्याच चर्चच्या छताचा फोटो. ढग, घोडे, पंखवाली माणसं, आणि कडेला एक दाढीवाला ढगावर पाय सोडून बसलेला. त्याने हात वर करून बोटाने काहीतरी दाखवलंय. काय दाखवलंय ते दिसत नाही, कारण बरोबर तिथे कॅलेंडरची पत्र्याची पट्टी आहे.

अण्णा रोज दोन वेळा त्या बोटासमोर जेवतात. त्यांचं मत, तो संत आहे आणि स्वर्ग दाखवतोय. सासूबाईंचं मत, तो कुणावर तरी ओरडतोय. “असा हात माणूस स्वर्गासाठी करत नाही. रिक्षासाठी करतो.” या वादावर घरात कित्येक आमट्या गार झाल्या. शेवटी अण्णांनी ठेव मोडली आणि म्हणाले, बघूनच येऊ.

आणि निघायच्या महिनाभर आधी त्यांची मान धरली. डॉक्टरांनी मानेला पट्टा घातला, आणि वर बघायला सक्त मनाई केली.

तर मेहुणीला हॉटेलात बॅगा भरायला ठेवून आम्ही पाचजण उजाडायच्या आत निघालो. चर्चचा पुढचा दरवाजा तीन मजली आणि बंद. साडूला बाजूला एक बुटका दरवाजा उघडा सापडला.

“बघा! मोठे लोक मागच्या दारानेच येतात.”

आत अंधार, बादल्या, झाडू, एक शिडी. मग एक पडदा. साडूने तो ऐटीत बाजूला सारला आणि आम्ही पाचजण थेट वेदीच्या शेजारी प्रकट झालो. समोर बाकांवर शे-दोनशे माणसं बसली होती. पाद्री येतात ते याच बाजूने, त्यामुळे आम्हाला पाहताच सगळी माणसं अदबीने उभी राहिली. ऑर्गन सुरू झाला.

“चिटपाखरू नाही ना?” बायको माझ्या कानात म्हणाली.

सासूबाई मात्र डगमगल्या नाहीत. इतकी माणसं मान द्यायला उठली म्हटल्यावर त्यांनी पदर सावरला आणि सर्वांना वाकून नमस्कार केला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी उलट केलाही. मग आम्ही भिंतीला चिकटत चिकटत मागच्या बाकावर जाऊन बसलो. बसायच्या आधी सासूबाईंनी सगळ्यांना चपला-बूट काढायला लावले.

“आई, इथे नाही काढत,” साडू म्हणाला.

“न काढणाऱ्यांची मान बघा धरली की नाही ते.”

“अगं, माझी मान घरी अनवाणी असतानाच धरली!” अण्णा म्हणाले. पण बूट काढले.

छत अगदी आमच्या डोक्यावर होतं. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं, फक्त अण्णांना समोरच्या माणसाचं टक्कल दिसत होतं.

“काय दाखवतोय तो?” त्यांनी विचारलं.

“सांगू का?” मी म्हणालो.

“खबरदार! जावईबापू, ठेव मी मोडली आहे. मी बघणार.”

मी मोबाइल काढला, फोटो काढून दाखवावा म्हणून. काळ्या झग्यातला रखवालदार कुठूनसा आला आणि बोट हलवून गेला. मग बायकोने पर्समधला पावडरचा आरसा काढून दिला. अण्णांनी तो पोटाशी धरून बराच फिरवला.

“दिसतंय का काही?”

“नाकपुड्या. माझ्याच.”

एवढ्यात प्रार्थना संपली, लोक पांगायला लागले. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कुणाला काही न सांगता बाकांच्या मधल्या वाटेने पार वेदीजवळ जाऊन सरळ आडवे झाले. एकदम बरोबर विचार. मान वाकवायची गरजच नाही.

“अहो!” सासूबाई धावल्या. “देवाकडे पाय?”

“अगं, चित्र तसंच सुलटं दिसतं.”

“फिरा आधी.”

“हा देव आपला नाही गं. त्यांचा आहे.”

“देव कुणाचा का असेना, पाय तुमचे आहेत.”

  अण्णा घड्याळाच्या काट्यासारखे जमिनीवर घासत घासत फिरले. आता डोकं वेदीकडे, पाय दाराकडे.

“आता काय दिसतं?”

“सगळे डोक्यावर पडतायत. घोड्यांची पोटं दिसतायत.”

“मग आडवे व्हा.”

“आडवाच आहे की!”

“तसं नव्हे. पूर्व-पश्चिम व्हा.”

ते पूर्व-पश्चिम झाले. त्यामुळे डोकं एका बाकाखाली गेलं आणि छताच्या जागी कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगम दिसायला लागलं. अण्णा वैतागले. पुन्हा डोकं वेदीकडे करून, हात छातीवर बांधून त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचं हे रुसायचं आसन आहे, घरी पलंगावर करतात.

इथे जमिनीवर ते वेगळं दिसलं. अनवाणी म्हातारा, पायाचे अंगठे जुळवलेले, हात छातीवर. उशाशी बायको बसलेली, मेणबत्त्यांच्या धुराने डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने सारखं पुटपुटतेय. काय पुटपुटतेय ते आम्हालाच कळत होतं. “शोभतं का या वयात? उठा म्हणते. नऊची बस आहे.”

एक म्हातारी बाई थबकली. तिने सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. सासूबाईंनीही तिच्या हातावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, “पहिल्यापासून असेच आहेत हो.” त्या बाईला रडू आलं. तिने एक मेणबत्ती पेटवून आणली आणि अण्णांच्या डोक्याशी ठेवली.

“अहो, उठा!” सासूबाई किंचाळल्या. “दिवा लावला तुमच्या उशाशी!”

“लावू दे. सुलटं दाखवत नाहीस तोवर मी उठत नाही.”

रखवालदार पळत आला. त्याने साडूला घाईघाईने काहीतरी विचारलं. साडूने शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि त्यांच्या भाषेत ऐटीत म्हणाला, “हो. धन्यवाद.” रखवालदार तसाच फोन लावत पळाला.

“काय विचारलं त्याने?” मी म्हणालो.

“सौजन्याने विचारत होता हो. अशा वेळी हो म्हणायचं असतं.”

अँब्युलन्स इतक्या लवकर आली की आपल्याकडच्या माणसाला संशयच यावा. एक धिप्पाड बाई आणि तिच्याहून धिप्पाड माणूस, मध्ये चाकांचं स्ट्रेचर. अण्णा डोळे उघडून काही बोलणार तोच त्यांना उचललं, ठेवलं, पट्टे आवळले आणि स्ट्रेचर गर्रकन वळवलं. आता डोकं दाराकडे आणि पाय थेट वेदीकडे.

“अगंबाई! पाय!” सासूबाई म्हणाल्या.

“मी केले नाहीत! त्यांनी केलेत!” अण्णा आनंदाने ओरडले.

आणि स्ट्रेचर निघालं. मधल्या वाटेने, वेदीपासून दारापर्यंत, सबंध छताखालून. अण्णा सरळ उताणे, मान पट्ट्यात, डोळे सताड. “हळू! हळू चालवा हो! घोडे बघतोय मी!” बाईंनी प्रेमाने त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क ठेवला, तो त्यांनी काढून टाकला. आम्ही सगळ्यांचे बूट कडेवर घेऊन मागून पळत होतो.

मोठं दार आता उघडलं होतं. त्याच्या थोडं अलीकडे अण्णांनी दोन्ही हातांनी शेवटचा बाक पकडला. स्ट्रेचर थांबलं.

“सापडला!”

आम्ही सगळे थांबलो. ढगावर दाढीवाला, वर केलेला हात, बोट. आणि बोटाच्या पुढे, पत्र्याच्या पट्टीत गेलेला तो भाग. एक गुबगुबीत पंखवालं पोरगं दाढीवाल्याची चप्पल घेऊन उडून चाललं होतं.



“ओरडतोय,” सासूबाई म्हणाल्या. “मी काय म्हणत होते?”

“हं.”

“स्वर्ग दाखवतोय म्हणे. चप्पल मागतोय मेला.”

“स्वर्गातच आहे की ती चप्पल,” अण्णा म्हणाले. पण त्यात जोर नव्हता. ते स्वतःच पट्टे सोडून उठून बसले, बूट घातले आणि स्ट्रेचरवरून उतरले. धिप्पाड बाईने नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि खांदे उडवले. तिला काही समजेना.

“मी समजावतो,” साडू म्हणाला. ॲपवर हा धडा आला नव्हता, म्हणून त्याने अभिनय केला. आधी स्वतःची मान दोन्ही हातांनी धरली. मग वर बघायला जमत नाही हे दाखवायला डोळे पांढरे केले. मग हातपाय ताणून तिथेच जमिनीवर आडवा झाला आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरून दाखवलं. अभिनय फार चांगला होता. रिकामं स्ट्रेचर शेजारीच होतं.

त्याने “नो, नो” केलं, पण तोवर मास्क बसला होता आणि अँब्युलन्सचं दार लागलं होतं.

अँब्युलन्स कोणत्या हॉस्पिटलची होती ते आमच्यापैकी कुणी वाचलं नाही. सगळ्यांचे पासपोर्ट साडूच्या कमरेच्या पाऊचमध्ये होते.